बसून वाजवायची गिटार

गिटार पहिल्यांदा घरी आणली तेव्हा बापानं तिला हात लावला नाही. ओट्यावर बसल्या बसल्या लांबूनच पाहिलं आणि विचारलं, "हे गळ्यात टांगून वाजवतेत का बसून?"

"बसून," मी म्हणालो. "खुर्चीवर. वर्ग आहे, फळा आहे. मास्तर फळ्यावर लिहून देतेत."

"मंग शीक," बाप म्हणाला आणि त्यानं बिडी पेटवली.

हा प्रश्न कुठून आला ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पिंपळगाव राजाला आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. मी शाळेत होतो तेव्हा आमच्या माणसांनी धम्म घेतला आणि त्याच साली वस्तीनं ठरवलं की यापुढं कुणाच्या दारात वाजवायला जायचं नाही. डफडं गळ्यात अडकवून नवरदेवाच्या घोड्यापुढं उन्हात चालायचं, मग मांडवाबाहेर उकिडवं बसायचं आणि सगळ्यांची जेवणं उरकल्यावर उरलंसुरलं फडक्यात बांधून आणायचं, हे संपलं. बापाला आजूबाजूच्या गावांतून बोलावणी यायची, असा त्याचा हात होता. त्यानं आपल्या डफड्याचं कातडं विळ्यानं फाडलं आणि कडं चुलीत घातलं. गावानं त्याबद्दल आम्हाला पुष्कळ दिवस कामाला बोलावलं नाही. पण वस्ती हटली नाही. त्यानंतर बापानं ताटाच्या काठावरसुद्धा कधी बोट वाजवलेलं मी पाहिलं नाही. रस्त्यानं बँड निघाला की तो उठून घरात जायचा.

आमच्या घरात देव नव्हते, पत्रकं होती. सभेहून येताना बाप ती खिशात घालून आणायचा आणि मला वाचायला लावायचा, कारण त्याला स्वतःला अक्षरं जुळवत वाचावं लागायचं. मी बाराखडी शाळेत शिकलो, पण वाक्य म्हणजे काय ते पत्रकांवर शिकलो. वाक्याला माणूस उभा करता येतो हे मला तेव्हाच कळलं. मॅट्रिकनंतर खामगावच्या एका छापखान्यात जुळारी म्हणून लागलो, तेही पत्रकं जिथं तयार होतात तिथं बसायला मिळावं म्हणून. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी लावायच्या. बहुतेक ओळी लग्नपत्रिकांच्या आणि खताच्या जाहिरातींच्या असत, ही गोष्ट वेगळी.

त्याच छापखान्यात एक दिवस गिटारच्या वर्गाची हस्तपत्रिका छापायला आली. ती मीच जुळवली. खाली लिहिलं होतं, 'सर्वांस प्रवेश'. असे शब्द मी फार वेळा जुळवलेले नव्हते. शाई वाळायच्या आत मी छापखान्याच्या मालकीणबाईंना विचारून लवकर सुटलो आणि नाव घालून आलो. गिटार मी तोपर्यंत फक्त सिनेमाच्या गाण्यात ऐकली होती. मला गिटारीपेक्षा तो 'सर्वांस' खरा आहे की खोटा ते पाहायचं होतं. मग वाजवायला लागलो आणि ते पाहायचं राहून गेलं.

वर्ग एका जिनिंग फॅक्टरीच्या गोदामात भरायचा. कापसाचा हंगाम सरला की गोदामात मागं राहिलेल्या थोड्या गाठी असत आणि हवेत रुईचे तंतू. गिटारीच्या भोकात फुंकर मारली की आतून रुई उडायची. गाठी आवाज गिळून टाकत. कितीही जोरानं तार छेडली तरी आपला सूर आपल्यालाच परका वाटायचा. जिनिंगचा मालक मोठा जमीनदार. जिल्ह्यात चारी दिशांना त्याची शेतं होती आणि सगळे त्याला नुसतं मालक म्हणत. त्याचा पुतण्या मुंबईच्या कॉलेजातून अभ्यास अर्धा सोडून आणि गिटारचा नाद पुरा करून परत आला होता. त्याच्यासाठी मालकानं गोदाम दिलं आणि मुंबईहून गिटारी मागवल्या. माझ्या हातातली गिटार त्यांतलीच. ती माझी नव्हती, पण घरी न्यायची मुभा होती.

मास्तर गोव्याकडचे ख्रिस्ती, साठीला आलेले. तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांत साहेबलोकांच्या नाचासाठी वाजवत. पुढं रेल्वेत लागले, भुसावळला राहिले. बायको खामगावच्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होती, म्हणून निवृत्त होऊन इथं आले. ती वारली, तिचं क्वार्टर गेलं, आणि आता ते जिनिंगच्या आवारातच मालकाच्या एका खोलीत राहत. त्यांची मराठी अर्धी हिंदी होती आणि उरलेली हातवाऱ्यांची.

पहिल्या वर्षी वर्गात बरेच जण होते. साधे कॉर्ड आले, सिनेमाची गाणी वाजवता यायला लागली, तसे लोक गळाले. दुसऱ्या वर्गाला चौघंच उरलो. मालकाचा पुतण्या, मिशनच्या शाळेतल्या एक बाई, बाजारपेठेतला एक शिंपी आणि मी. दुसऱ्या वर्गात मास्तर जॅझ शिकवणार होते. जॅझ म्हणजे काय ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. शिंपी म्हणायचा, "आपल्याले काय, पॅन्ट म्हणा का पायजमा, शिलाई तेच."

पण शिलाई तीच नव्हती. पहिल्याच दिवशी मास्तरांनी आमचे कॉर्ड काढून घेतले. म्हणजे एकट्यानं पूर्ण कॉर्ड वाजवायला बंदी. सा, ग, प आणि कोमल नी असा चार सुरांचा कॉर्ड असेल तर पुतण्यानं नुसता सा धरायचा, बाईंनी ग, शिंप्यानं प आणि मी कोमल नी. चौघांनी एका क्षणी छेडलं तरच कॉर्ड. एक चुकला तर काहीच नाही.

"एका मानसाला पूरा कॉर्ड आला ना," मास्तर म्हणाले, "की तो ऐकायचा बंद होतो. मग तो फक्त वाजवतो."

पुतण्या वैतागला. "मास्तर, एका तारेसाठी मी मुंबईहून गिटार आणली का?"

"तू एक तार तरी बरोबर वाजव. मग दुसरी देतो."

मला मात्र वाटलं, हीच तर गोष्ट मी पत्रकांत वाचत आलो. चौघं चार ठिकाणांहून आलेले, प्रत्येकाकडं एक, आणि एकाचंही दुसऱ्यावाचून चालत नाही. माझा सूर तर त्यात सर्वांत विचित्र. सा, ग, प हे तिघं मिळून सुखानं नांदतात. कोमल नी आत शिरला की ते घर अस्वस्थ होतं, त्याला कुठंतरी जायचं असतं. मास्तरांनी फळ्यावर माझी ओळ लिहून दिली. एकेक कॉर्ड बदलताना माझा सूर अर्धी पायरी खाली, मग पुन्हा अर्धी पायरी खाली. तीच ओळ मी महिनोन्‌महिने वाजवली. घरी, ओट्यावर, ताठ बसून.

सूर जमला, ठेका जमेना. मी पहिल्या मात्रेवर आपटायचो.

"तू गिटार वाजवतो का भाषण देतो?" मास्तर म्हणायचे. "एकवर जोर नको. एक सोड. दोनवर मार, चारवर मार. पाय एकवर, हात दोनवर."

शिंपी म्हणाला, "मास्तर, त्याले एक सोडता येत नाई. तो मोर्चातला मानूस हाय, पहिल्या नंबरले उभा राह्यते."

कितीतरी रविवार मी सगळ्यांना थांबवून ठेवलं. सायकलवरून घरी जाताना रस्ताभर पायडलवर दोन-चार, दोन-चार मोजायचो आणि घर येईपर्यंत पुन्हा एकवर यायचो. मग एका रविवारी हात आपोआप सुटला आणि बरोबर पडला. मास्तरांनी मान हलवली. कुठून आला तो ठेका ते मला माहीत होतं. लहानपणी बापाच्या मागं मागं वरातीत चालताना पाय एका मात्रेवर पडायचे आणि कातड्यावरचा टिपरीचा फटका त्यांच्या मधल्या जागेत. तो मी कधी शिकलो नव्हतो, कानात राहिला होता. घरी सांगितलं नाही. जे बापानं चुलीत घातलं ते माझ्या मनगटात निघालं, हे त्याला कसं सांगणार होतो?

कापसाच्या हंगामापुरता बंद पडलेला वर्ग उन्हाळ्यात पुन्हा सुरू झाला, तेव्हाच छापखाना बुडायला आला. मालकीणबाईंनी मशीन जळगावच्या कुणाला द्यायचं ठरवलं. खामगावात दुसरा छापखाना मला घेईना, एकानं आडनाव विचारलं आणि कामावर घेतलं नाही. घरी परतलो तर काम एकच, शेतावरची मजुरी, आणि आमच्या शिवारात शेत म्हणजे बहुतेक मालकाचंच. मी वर्गात हे बोललो नाही, पण बाईंच्या लक्षात आलं असावं. त्या मास्तरांशी बोलल्या.

एका रविवारी मास्तरांनी मला थांबवून घेतलं. मालकाच्या मुलीचं लग्न होतं. लग्नात आपल्या वर्गानं वाजवावं अशी मालकाची इच्छा. आणि अकोल्याच्या एका ऑर्केस्ट्राचा चालक त्या लग्नाला पाहुणा म्हणून येणार होता. त्याचा गिटारवाला मुंबईला पळाला होता.

"तो मला विचारला, कोन आहे तुमच्याकडे," मास्तर म्हणाले. "मी बोललो, एक आहे. तुझा कान चांगला आहे. बाकी तिघांचं काय, त्यांना घर आहे, दुकान आहे, शाळा आहे. तू जा अकोल्याला."

अकोल्याची ती जागा म्हणजे पगार तर होताच, पण त्याहून मोठं म्हणजे शेतावर जायचं नव्हतं. माझ्यापुढं दुसरी वाटच नव्हती. आणि ही वाट मालकाच्या दारातून जात होती. लग्न, आणि दारात वाजवणं.

मी स्वतःशी वाद घातला. डफडं आणि गिटार एक नव्हे. डफडं हे बलुतं होतं, गिटार हे शिक्षण आहे. मंचावर खुर्च्या टाकून वाजवणाराला कलावंत म्हणतात. जो बसून वाजवतो त्याच्यासमोर लोक बसतात, आणि जो चालत वाजवतो त्याच्या मागून लोक चालतात आणि त्याच्या अंगावर गुलाल उडवतात. हा वाद मला पटला, पण बापासमोर मांडायची हिंमत झाली नाही. मग मला जे येत होतं ते मी केलं. अटी लिहून काढल्या. वादक मंचावर खुर्चीवर बसून वाजवतील. वादक पाहुण्यांच्याच पंगतीत, पाहुण्यांबरोबर जेवतील. वादकांना नावानं हाक मारली जाईल. आणि हे मी वर्गात उभा राहून वाचून दाखवलं.

पुतण्या हसत सुटला. "अबे, माझ्या बहिणीचं लग्न आहे का मजूर युनियन?"

"याले पाणी पाजाचं म्हटलं तरी आधी ठराव पास करा लागते," शिंपी म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "वाच पुन्हा. बरोबर लिहिलंय त्यानं."

पुतण्यानं कागद खिशात घातला आणि पुढच्या रविवारी सांगितलं, "काका हो म्हणाले. सगळं मान्य. आता तरी वाजवशील ना बाप्पा?"

तेव्हा मी बापाला सांगितलं. तो पलंगाची सुंभाची दोरी आवळत होता. आवळतच राहिला.

"खुर्ची असन?"

"असन. लिहून देल्लं."

"त्यानं लिहून देल्लं का तू?"

"म्या देल्लं. त्यानं हो म्हटलं."

त्यानं दोरीला एक ताण दिला. "वस्तीतले इचारतीन मले. मी सांगतो, वर्गाचा कार्यक्रम हाय. परीक्षेसारखा." थोड्या वेळानं म्हणाला, "तू शेतावर गेला तर मी कायले सोडलं होतं ते?"

एवढं बोलणं माझ्या बापाच्या तोंडून मी क्वचित ऐकलं होतं. त्या दिवसापासून लग्नापर्यंत मी छापखान्यातून येऊन फक्त तीच ओळ वाजवत बसलो. अर्धी पायरी खाली, पुन्हा अर्धी पायरी खाली. अकोल्याचा माणूस ऐकेल तेव्हा माझा नी कुठंही डगमगता कामा नये. आई म्हणाली, "हे गाणं संपते तरी कवा?"

लग्नाच्या दिवशी खामगावात ऊन असं होतं की सायकलचं सीट बसू देत नव्हतं. जिनिंगच्या पटांगणात मांडव घातला होता. एका बाजूला लाकडी मंच, त्यावर सतरंजी आणि खरोखरच पाच खुर्च्या, लोखंडी, घडीच्या. त्या पाहून माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. आम्ही बसलो, तारा जुळवल्या. अकोल्याचा चालक पहिल्या रांगेत येऊन बसला, पांढरी पॅन्ट, रंगीत चष्मा. मास्तरांनी त्याला लांबूनच नमस्कार केला आणि माझ्याकडं बोट दाखवलं. त्यानं मान डोलावली.

नवरदेव परण्याला, म्हणजे लग्नाआधीच्या दर्शनाला, मारुतीच्या देवळात जाऊन बसला होता. तिथून वाजतगाजत मांडवात यायचा. तेवढ्यात मालकाचा एक माणूस पळत आला. बँडपार्टी आली नव्हती. त्याच मुहूर्तावर शेगावकडं दुसरं एक लग्न होतं आणि ती मंडळी तिकडंच अडकली होती, किंवा जास्त मिळालं म्हणून तिकडं राहिली होती. मालक स्वतः मंचापाशी आला. घामानं भिजलेला, पण आवाज शांत.

"मास्तर, तुम्ही चला पुढं. देवळापासून इथपर्यंत. नवरदेव मुका आणायचा का मी?"

"हे चालत वाजवायचं वाद्य नाही, मालक," मास्तर म्हणाले.

"पट्टे आहेत ना."

पुतण्यानं मंचाच्या मागून एक पिशवी आणली. तिच्यात पट्टे होते, लाल मखमलीचे, जरीची किनार लावलेले, दोन्ही टोकांना गिटारीच्या मापाची काजं केलेली. नवे कोरे. मी शिंप्याकडं पाहिलं. त्याच्या दुकानात मी ती मखमल पाहिली होती. वधूच्या पिशवीची आहे म्हणाला होता.

"तू शिवले?"

"मालकानं सांगतलं तं शिवले. मले काय मालूम कवा वापरतीन." तो माझ्याकडं पाहत नव्हता. "आठ दिस झाले शिवून."

आठ दिवस. म्हणजे बँड येवो न येवो, आम्हाला चालवायचंच होतं. खुर्च्या मला दाखवायला होत्या.

मी उभा राहिलो. काय बोललो ते शब्दन्‌शब्द आठवतं, कारण फार कमी बोललो. एरवी माझ्या तोंडून पत्रक निघालं असतं. "मी बसून वाजवीन असं ठरलं होतं. मी चालत जाणार नाही. कुणीच जाऊ नका. चौघं बसलो तर मालक काय करतीन?"

पुतण्या जवळ आला, हळू बोलला. "अबे, दहा मिनिटांचा रस्ता आहे. अकोल्याचा माणूस बसलाय ना तिथं. काऊन पायावर धोंडा पाडून घेतो?"

"माझा बाप याच देवळापासून चालला आहे," मी म्हणालो. "तुमच्या वडिलांच्या लग्नात नाही तर कुणाच्या तरी."

"त्याला काय आता?"

मालक मास्तरांकडं पाहत राहिला. मास्तरांनी पट्टा उचलला, काज चाचपलं आणि गिटारीच्या खुंटीत अडकवलं. मग बाई उठल्या. माझ्याजवळून जाताना म्हणाल्या, "मास्तर एकटे जातील का रे उन्हात?" शिंपी त्यांच्या मागं. पुतण्या सगळ्यांच्या पुढं.

मी खुर्चीवर बसून राहिलो. चार रिकाम्या खुर्च्या आणि मी. मांडवातले बहुतेक पुरुष वरातीला गेले, बाया आत होत्या. पहिल्या रांगेत अकोल्याचा चालक तसाच बसला होता, रुमालानं वारा घेत. त्याला उन्हात चालायचं नव्हतं. काय झालं ते त्याला नीट कळलं नसावं, किंवा कळलं असेल तरी त्याला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं.

"तूच ना तो?" त्यानं विचारलं. "मास्तर सांगत होते. वाजव काहीतरी. बसलोच आहोत."

हे लिहिताना आजही माझी बोटं आखडतात. मी गिटार मांडीवर घेतली आणि वाजवायला लागलो. आणि जे वाजायला लागलं ती माझी ओळ होती. कोमल नी, मग अर्धी पायरी खाली, थांबणं, पुन्हा अर्धी पायरी खाली. दोनवर, चारवर. एकही चूक नाही. माझ्या कानात बाकी तिघं वाजत होते, पूर्ण कॉर्ड भरून वाहत होता. त्याला मात्र एकच तार ऐकू येत होती, कुणीतरी उगीच जिना उतरत असल्यासारखी.

तो ऐकत राहिला. सभ्य माणूस होता. "हे झालं," तो म्हणाला. "आता गाणं वाजव. चाल वाजव."

चाली मला येत होत्या. पहिल्या वर्गात सगळी गाणी शिकलो होतो. पण वर्षभर त्या बोटांना दुसरं काही करू दिलं नव्हतं. मी एक सिनेमाचं गाणं धरलं आणि पहिल्या कडव्यातच कॉर्ड बदलायला बोटं अडकली. पुन्हा धरलं. तेवढ्यात देवळाकडून आवाज येऊ लागला. तिघं आणि मास्तर, तेच गाणं वाजवत होते. इंग्रजी चाल सोडून त्यांनी सरळ गाणं घेतलं होतं, सा, ग आणि प. त्याला माझ्या सुराची काही गरज नव्हती. लोक टाळ्या देत होते, कुणी शिट्टी मारली. मास्तरांचा हात काय चालला होता. अकोल्याचा चालक उठला, मांडवाच्या तोंडाशी गेला आणि हातांनी डोळ्यांवर सावली धरून पाहू लागला. परत आला नाही.

वरात आली तेव्हा शिंपी गुलालानं माखला होता. चालकानं त्याचा हात धरून बाजूला नेलं. पुतण्यानं येऊन माझ्या मांडीवरून गिटार उचलली. त्यानं टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं. पंगत बसली तेव्हा मला कुणीतरी नावानं हाक मारली, अटीप्रमाणे. मी सायकल काढली.

शिंपी अकोल्याला गेला. छापखान्याचं मशीन बैलगाडीत चढलं. मी काही दिवस खामगावात कामासाठी दारोदार फिरलो आणि मग मास्तरांच्या खोलीवर गेलो. मी रागात होतो. मला त्यांना विचारायचं होतं की तुम्ही का उठलात.

त्यांनी विचारू दिलं, बापाच्या डफड्याचंही सांगू दिलं. मग स्टोव्हवरचा चहा गाळत म्हणाले, "ताज नाही, पन मोठ्या मोठ्या हॉटेलात वाजवला मी. मालूम आहे, आत कुठून जायचो? किचनमधून. सूट घालून, किचनमधून. आयुष्यभर. तू मला सांगतो पट्ट्याचं?"

"म्हणून तर," मी म्हणालो. "म्हणून तर तुम्ही बसायला पाहिजे होतं."

"ही खोली कोनाची आहे?"

मी भिंतीवर टांगलेल्या त्यांच्या गिटारीकडं पाहिलं.

"तुझ्या बापानं सोडला, म्हनून तुला सोडायला जमला. त्याच्या मागं वस्ती होती. माझ्या मागं कोन आहे? तू बोलला, चौघं बसा. बरोबर बोलला. पन तू संध्याकाळी पिंपळगावला जानार, मी इथंच झोपनार." त्यांनी कप माझ्यापुढं ठेवला. "मी रागावलो नाही. तू चहा घे. पन वर्गात नको येऊ. मालकाचा पुतण्या आहे, मला रोज समजवायला लागेल."

मी चहा घेतला आणि निघालो. आजही मी हे म्हणणार नाही की मी चालत जायला हवं होतं. पट्टा आठ दिवस आधी शिवला जातो तिथं खुर्ची मान्य झालेली नसते, आणि मान्य न झालेल्या खुर्चीवरसुद्धा माणसानं बसूनच राहावं. पण मास्तरांच्या खोलीचं मी काय करायला हवं होतं ते कुठल्या पत्रकात मला सापडलेलं नाही.

घरी मी फक्त एवढंच सांगितलं की वर्ग सुटला. लग्नातली गोष्ट मात्र वस्तीत कानोकानी पोचली होती, लोक येऊन गेले. बरं केलं, शाबास, म्हणाले. बाप त्यांच्यात बसला होता, पण त्यानं शाबास म्हटलं नाही. ते गेल्यावर म्हणाला, "वाजवलं नाई ते ठीक. शिक्षण कायले सोडलं?"

"त्यांनीच नको म्हटलं."

"तू नीट बोलला नसशीन. तू बोलतो तं समोरच्याले वाटते सभा चालू हाय."

दुसऱ्या दिवशी तो मला न विचारता सायकलच्या कॅरिअरवर येऊन बसला. स्वच्छ धोतर, डोक्याला पटका. मी नको म्हणालो, भांडलो. तो उतरेना. सगळ्या रस्त्यानं डांबर वितळलं होतं, चाकांना चिकटत होतं. जिनिंगच्या फाटकाशी तो उतरला आणि मला म्हणाला, "तू इथंच थांब." मालकाच्या कुठल्याही दारात बाप स्वतःहून गेलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. गोदामाच्या बाजूला वळताना त्यानं पटका सारखा केला.

मी निंबाच्या सावलीत थांबलो. आतून गिटारीचा आवाज नव्हता. फाटकावरचा गडी मला ओळखत होता, पण त्यानं ओळख दाखवली नाही.

बाप बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उजळलेला होता. "मास्तर चांगला मानूस हाय," तो म्हणाला. "मले बसवलं, चहा पाजला. म्हणे पोरगा हुशार हाय तुमचा. आता नाई म्हणे, पण दिवाई होऊ द्या. दिवाईनंतर पाठवा."

दिवाळीनंतर जिनिंग सुरू होते. कापसाच्या गाड्यांच्या रांगा रस्त्यापर्यंत येतात, गोदामात माणसाला उभं राहायला जागा नसते आणि यंत्राच्या आवाजात बाजूच्याची हाक ऐकू येत नाही. त्या दिवसांत वर्ग कधीच भरत नाही. मास्तरांना ते माहीत होतं. त्यांनी माझ्या बापाला तोंडावर नाही म्हणायचं टाळलं, एवढंच.

"दिवाईलोक, तवापर्यंत काय करशीन?" बापानं विचारलं.

"पाहीन काहीतरी."

"शेतावर ये मंग माह्यासंगं. तेवढ्यापुरतं." तो कॅरिअरवर बसला. "दिवाईलोकच तं हाय."

मी हो म्हणालो आणि पायडल मारलं.